उलटा वेढा

आवेगावच्या ओढ्याकाठी एक काळा सपाट खडक आहे. त्याच्या पाठीवर गोल वाट झिजलेली आहे. दहा-बारा पावलांत पुरी होते आणि सुरू झाली तिथेच येऊन मिळते. पाऊस पडून गेला की तिच्यात पाणी थांबते. येणारे पाहुणे हटकून विचारतात, इथे तेलाचा घाणा होता का?

"बैल न्हवता, बाई होती," गणपाआजोबा सांगतात. कुंभारवाड्यातले ते सगळ्यांत वयस्कर. शिकलेली माणसे म्हणतात खडक मुळातच तसा आहे, हेही ते प्रामाणिकपणे सांगून टाकतात. मग उभ्याउभ्याच पुढची गोष्ट सांगायला लागतात. या खडकावर बसून कुणी काही सांगत नाही.

आधी ते हातातले गाडगे दाखवतात. आवेगावच्या गाडग्यांना तारेची कडी असते. गळ्याभोवती पोलादी तारेचे वळे असते. ते बोटांनी फाकवून काठाखाली सोडले की आपल्या ताणाने गळा धरते. वळ्याची दोन टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात, आणि त्या डोळ्यांत कमानीसारखी कडी अडकते. गाडगे उचलले की वजनाने वळे आवळते, खाली ठेवले की सैल पडते. मातीचे कान उन्हाळ्यात तडकतात, सुंभ कुजते. ही तार मात्र एका गाडग्यावरून काढून दुसऱ्यावर चढवता येते, आणि गाडगे फुटले तरी उरते. ही कडी आवेगावात कशी आली, त्याची गोष्ट आजोबा सांगतात. त्यांनी ती आपल्या आजीकडून ऐकली, आजीने तिच्या सासूकडून.

गाठीच्या तापाची साथ आली त्या वर्षीची ही हकीकत आहे म्हणे. ओढ्यापलीकडे, टेकाडाच्या आड, आजाऱ्यांसाठी झोपड्या बांधल्या होत्या. ज्याच्या काखेत गाठ दिसेल त्याला तिकडे नेत. ओढ्यावर पहारा बसला होता. इकडचे माणूस तिकडे जायचे नाही, तिकडची वस्तू इकडे यायची नाही.

कुंभारवाड्यातल्या कोंडाबाईच्या घरात ती आणि तिची मुलगी मंजुळा दोघीच होत्या. नवरा आदल्या पावसाळ्यात वारला होता. मुलगी सोळा वर्षांची, हाताने चलाख, पण डावरी. तिने डाव्या हाताने चाकाला गती दिली की चाक उलटे फिरायचे, आणि कोंडाबाई ओरडायची, "माझ्या चाकाला उलटी खोड लावू नगंस!" संक्रांत तोंडावर आली होती. मंजुळेचे अंग जरा कणकणत होते. कोंडाबाई सुगडांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली तेव्हा मुलगी म्हणाली, "आज नगं जाऊस." कोंडाबाई म्हणाली, "संक्रांत झाल्यावर कोण घेतंय सुगडं?" आणि गेली. दिवस कलताना परत आली तर दार उघडे, चाक थांबलेले. घरातला एकुलता तांब्याही नव्हता. मंजुळेला तिकडे नेताना तो बरोबर दिला होता.

त्या दिवसापासून कोंडाबाईच्या पायांना थारा राहिला नाही.

ओढा त्या खडकापाशी अरुंद आहे. खाली खोल फट, दोन्हीकडे कडा. या काठावरून त्या काठावर उतरता बांबू बांधलेला होता. लोक शिंक्यात जेवण ठेवून शिंके बांबूला अडकवत. ते घसरत, अडखळत पलीकडे जाई. पलीकडचा पहारेकरी जेवण आत पोचवी आणि सुंभाचे शिंके जाळून टाकी. नियमच तसा होता. फडके, टोपली, दोरी, सगळे जाळायचे. गाडगे फोडायचे.

म्हणजे गेलेले परत काहीच येत नव्हते. कोंडाबाई रोज ताकातल्या कण्या करून पाठवी. मंजुळेला लसणाचा वास सहन होत नसे, म्हणून बिनलसणाच्या. पाठवी आणि कडेला येऊन ओरडे, "मंजुळा कशी हाय हो?" पलीकडचा पहारेकरी हात वर करून ओरडे, "बरी हाय!" मग शेजारची ओरडे, "आमचे मामंजी?" "बरे हायेत!" तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच सांगितले, ते मामंजी तर सोमवारीच गेले. पहारेकरी तरी काय करणार? खरे सांगितले तर माणसे ओढ्यात उतरायची. तो सगळ्यांनाच बरे म्हणत होता.

त्यानंतर कोंडाबाईला त्या 'बरी हाय'चा धीर वाटेना. ती खडकावर फिरत राही. एक फेरी, दुसरी, तिसरी. तिची जाऊ सरूबाई घमेले घेऊन मातीला आली की म्हणे, "कोंडे, बस की गं घटकाभर. खडकाला खळगा पडंल."

"बसले की खाली काय तरी सुटल्यावानी वाटतं, बाई," कोंडाबाई म्हणे, आणि फिरत राही.

तिला पलीकडून खूण हवी होती. मुलीच्या हाताला लागून आलेली कसलीही. आणि धातूची वस्तू तेवढी परत येऊ शकत होती. अलीकडच्या काठावर औषधाच्या पाण्याचे पिंप होते. त्यात बुडवून भांडे घरी न्यायला परवानगी होती. पण घरातला एकुलता तांब्या तर मंजुळेला पाणी प्यायला पलीकडेच हवा होता.

घरात आढ्याला नवऱ्याची मोडकी छत्री टांगलेली होती. कोंडाबाईने ती उतरवली, कापड फाडून काढले. आत आठ पोलादी काड्या होत्या, वाकवल्या तर पुन्हा ताठ होणाऱ्या. खुंट्याभोवती जोर लावून तिने एक काडी वळवली. सोडली की ती थोडी उलगडे आणि मग तशीच राही, गळा शोधत असल्यासारखी. गाडग्याच्या गळ्यावर घातली, तर घट्ट बसली. दुसऱ्या काडीची कडी केली. उचलून पाहिले. जितके जड, तितकी पकड पक्की.

पण कोंडाबाई पडली कुंभारीण. जे आव्यातून, कुंभाराच्या भट्टीतून, निघते ते पक्के होते, एवढेच तिला आयुष्यभर कळलेले. आपली लेक जिच्या भरवशावर जेवणार ती वस्तू कच्ची कशी पाठवायची? तिने ते वळे धगधगत्या आव्यात सारले. लाल झाले तेव्हा बाहेर काढले, हळूहळू गार होऊ दिले, गाडग्याला चढवले. अलीकडच्या काठावर हैबती नावाचा गावचाच पहारेकरी होता. तो हसला.

"काय वहिनी, लेकीला जेवण छत्रीत बसवून धाडताय?"

"तू नीट अडकव, भाऊजी. बोलू नगंस."

कडी बांबूवरून सुरेख घसरली. सुंभासारखी अडखळली नाही. आणि अर्ध्यावर गेल्यावर वळे हळूच उघडले. गाडगे खाली फटीत गेले. आवाजसुद्धा नीट आला नाही.

आगीत माती पक्की होते आणि पोलादाचा ताण जातो, हे तिला त्या दिवशी कळले. मुलगी त्या दिवशी उपाशी राहिली असणार, हेही कळले. सरूबाई सांगायची म्हणे, त्या दिवशी कोंडाबाईच्या फेऱ्या मोजायला कुणी थांबू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नवी काडी घेतली. ही आगीजवळ नेली नाही. कण्यांचे गाडगे बांबूवरून सरसरत पलीकडे पोचले. "तार तेवढी मंजुळेच्या हातानं माघारी धाडा!" ती ओरडली. पहारेकऱ्याने ते आत नेले. कोंडाबाई फिरत राहिली. ऊन डोक्यावर आले, कलायला लागले. मग पलीकडून लांब काठीच्या टोकाला काहीतरी चमकले. वळे आणि कडी, दोन्ही. हैबतीने ती पिंपात बुडवून तिच्या हातावर ठेवली.

दोन सुट्या तारा वाटेत हरवू नयेत म्हणून पाठवणाऱ्याने कडी वळ्याभोवती एक वेढा देऊन अडकवली होती. आणि वेढा उलटा होता. उजव्या हाताचे माणूस देते त्याच्या विरुद्ध बाजूने.

कोंडाबाईने तो वेढा सोडवला नाही. तसाच पदराखाली धरून घरी नेला. ती रात्रीपुरती बसली असे म्हणतात.

नऊ दिवस असे चालले. सकाळी कण्या जात, दुपार कलताना कडी परत येई, आणि वेढा उलटा असे. ती रोज मनाशी म्हणे, आता कधी म्हणून डाव्या हाताला बोलणार नाही. कडी येईपर्यंत फिरायचे, आली की चूल पेटवायची. त्या नऊ दिवसांत तिने चाकाला हात लावला नाही, पण चाकावरची धूळ मात्र रोज पुसली.

दहाव्या दिवशी कडी आली. नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखी धुऊन.

वेढा सुलटा होता.

तिने कडी उलटसुलट करून पाहिली. काठीवरून येताना फिरली असेल. हैबतीच्या हाताने सुटून पुन्हा बसली असेल. "भाऊजी, तू सोडवलीस का रे ही?"

"मी कशाला सोडवू? बुडवली नि दिली. आली ना कडी? मग झालं तर."

"आली," कोंडाबाई म्हणाली.

ती पुन्हा फिरायला लागली. आज कडी हातात असूनही. सरूबाईने लांबून पाहिले आणि ती जवळ आली नाही. पलीकडे ओरडून विचारता आले असते. पहारेकऱ्याने नेहमीसारखे 'बरी हाय' म्हटले असते. आणि एखाद्या वेळी तो बोलताना थबकला असता, तर मात्र सगळे कळले असते. कळले असते तर दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला कारण उरले नसते. पण पलीकडे कुणाच्या तरी हातांनी गाडगे रिकामे करून ही कडी अडकवली होती. ते हात उद्याही दुपारची वाट पाहणार होते. ते कुणाचे, हे तिला ठाऊक नव्हते. कुणाचे नाहीत, एवढेच ठाऊक होते. फेरीमागून फेरी ती याच दोन गोष्टी उलट्यासुलट्या करत राहिली.

सकाळी तिने कण्या शिजवल्या. उतरवण्याआधी पाट्यावर लसणाच्या चार पाकळ्या ठेचल्या, तेलात लाल केल्या आणि वरून घातल्या. बहुतेक माणसांना लसूण आवडतो. गाडगे कडीला अडकवून तिने हैबतीच्या हाती दिले. झाकण उघडे पडताच त्याने वास घेतला, तिच्याकडे पाहिले, आणि त्या दिवशी काही थट्टा केली नाही.

तेवीस दिवस कडी येत राहिली. वेढा सुलटाच. कोंडाबाई कडी येईपर्यंत फिरे, पूर्वीसारखीच.

साथ ओसरली, पहारा उठला. पलीकडून थोडी माणसे आली. त्यांत एक विधवा होती, सगुणा नावाची, दूरच्या गावची. तिचे कुणी इकडे नव्हते. ती विचारत विचारत कुंभारवाड्यात आली आणि कोंडाबाईच्या दारात उभी राहिली. हातात मंजुळेचा तांब्या होता.

"तिची खाट माझ्या शेजारी होती," ती म्हणाली. "शेवटी मला म्हणाली, कडी परत धाडत जा. न्हाई गेली तर आई ओढ्यात उतरंल. मी धाडत गेले. आणि कण्या मी खाल्ल्या, आक्का. तुमच्या लेकीच्या तोंडचं मी खाल्लं."

कोंडाबाईने तांब्या घेतला. बराच वेळ तो फिरवत राहिली.

सगुणा म्हणाली, "तिला लसणाचा वास सोसत न्हाई, हे तिनंच सांगितलं होतं. पहिल्या दिशी त्यात लसूण न्हवता. दुसऱ्या दिसापासनं आला. तवाच मला कळलं, तुम्हाला कळलंय. मला वाटलं, आता उद्यापासनं येणार न्हाई. मी उद्याची वाट बघायची. रोज यायचं."

"मीठ बराबर असायचं का?" कोंडाबाईने विचारले.

"जरा कमी."

"सांगायचं की."

"कसं सांगणार, आक्का?"

तेव्हा कोंडाबाई उंबऱ्यावर बसली. सगुणाही बसली. दोघी रडल्या की नाही, याबद्दल आजोबांची आजी काही सांगत नसे. ती एवढेच सांगे की त्या सकाळी उंबऱ्यावर ऊन येऊन गेले तरी कोंडाबाई उठली नाही. सगुणा कुंभारवाड्यातच राहिली. उरलेल्या काड्यांची वळी तिनेच केली, आणि पुढे छत्र्या संपल्यावर तारा मागवून साऱ्या वाड्याने केली.

आजही संक्रांत उलटली की येणाऱ्या पहिल्या रविवारी कुंभारवाड्यातल्या प्रत्येक घरातून कडीच्या गाडग्यात ताकातल्या कण्या ओढ्यापलीकडे जातात. वर लसणाची फोडणी असते. पलीकडे कोण असेल ते ठरलेले नसते. गुराखी असतो, फिरायला आलेले पाहुणे असतात, कधी रस्ता चुकलेला एखादा मोटारवाला. त्याने खावे, गाडगे हवे तर घरी न्यावे, पण वळे आणि कडी एक वेढा देऊन परत करावी. आवेगावात कडी आजही आव्याजवळ नेत नाहीत. आणि ती परत येईपर्यंत पाठवणारी बाई खडकावरच्या त्या वाटेने फिरत असते, बसत नाही.

पाहुणे कधी विचारतात, मग वेढा कुठल्या बाजूने द्यायचा? गणपाआजोबा सांगतात, कसाही द्या. कडी हातात आली की इथल्या बाया ती डोळ्यांपुढे धरत नाहीत. हात पाठीमागे नेतात, बोटांनीच चाचपून वेढा सोडवतात, आणि चूल पेटवायला घरी जातात.