पदराला चिकटलेलं खवलं

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा नद्या माणसांचं ऐकत होत्या आणि माणसंही नद्यांचं ऐकत होती. बायांनो, हातातलं काम चालू राहू द्या. मुलांनो, जरा जवळ सरका. कान तेवढे इकडे द्या.

डोंगरातून उतरलेल्या एका नदीकाठी कोळ्यांचं गाव होतं. गावाजवळ नदीला खोल डोह होता आणि सारं गाव त्या डोहावर जगत होतं. पण एक रीत होती. आषाढात पाणी गढूळलं की जाळी धुऊन आढ्याला टांगायची. नदीला दिवस गेलेत, असं म्हणायचं आणि तिच्या पोटात हात घालायचा नाही. सुकी मासळी, कंद आणि रानभाजी यांवर तेवढे दिवस काढायचे.

जाळी खाली कधी काढायची, ते गावाची भगतीण, नदीचा कौल सांगणारी म्हातारी, सांगे. ती गावाच्या टोकाला करंजाखाली एकटी राहायची. दुपारी काठावरच्या सपाट दगडाला कान लावून निजायची. तिच्या स्वप्नात नदी बाईच्या रूपानं येई आणि दारात कासव सुईण होऊन बसलेलं असे, असं ती सांगे. नदी मोकळी झालेली दिसली की भगतीण घुंगुरकाठी आपटत गावात येई आणि म्हणे, “सुटली गं बाय.” मग बाया खणानारळानं नदीची ओटी भरत आणि पुरुष जाळी खाली काढत.

ते स्वप्न खरं की खोटं, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. एका वर्षी पवळीनं विचारलं.

पवळीची लेक तुळसा पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आली ती वाळूनच आली. कंद घशाखाली उतरेना, भाजीचा वास सोसेना. तिला डोहाळे लागले होते ताज्या मासळीच्या कालवणाचे. तोंडानं ती काही मागायची नाही, नुसती आढ्याच्या जाळ्याकडे बघत बसायची. पवळी काही वाईट बाई नव्हती. उपासतापास धरायची, दिवा लावल्याशिवाय घास घ्यायची नाही. पण लेकीचा हात हातात घेतला की काकण कोपरापर्यंत सरकायचं, आणि आईच्या मनात माया ज्या वाटेनं येते त्याच वाटेनं शंकाही येते.

ती भगतिणीकडे गेली. लेकीचं सारं सांगितलं, जाळं एकदाच टाकू दे म्हणाली. म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“अजून दिसली नाही गं नदी. दिसेल तेव्हा पहिली वाटी तुझ्या लेकीची.”

पवळी उठली, आणि उठताना तिला दिसलं. भगतिणीच्या पदराच्या काठाला माशाचं खवलं चिकटलं होतं. चांदीच्या टिकलीसारखं, आणि अजून ओलं.

त्या दिवसापासून तिचे डोळे भगतिणीला सोडीनात. म्हातारी सकाळी परतायची तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले असत. हिचं काम दुपारी दगडावर निजायचं, मग सकाळी पायाला चिखल कुठला? तिच्या अंगाला मासळीचा वास यायचा. गावातली मांजरं आपापली घरं सोडून करंजाखाली जाऊन बसायची. पवळीला आता तिच्या चुलीच्या धुरातही कालवण दिसायला लागलं.

न राहवून तिनं शेजारच्या वेणूला सांगितलं. वेणूला सांगितलं म्हणजे घाटाला सांगितलं.

“मांजर खोटं बोलत नाही,” वेणू धुणं आपटत म्हणाली. “आणि दुसऱ्याचं स्वप्न कुणी बघितलंय? तिनं डोळे मिटायचे आणि आपण पोटं बांधायची. स्वप्नं तर आमच्या घरधन्यालाही पडतात. त्याच्या स्वप्नात त्याला कधी काम सांगत नाही कुणी, एवढंच.”

बाया हसल्या. पण हसून झाल्यावर जी ती भगतिणीच्या झोपडीकडे वळून बघू लागली.

मग एका सकाळी पवळी तिच्या मागं निघाली. भाताच्या खाचरांत आदल्या दिवशी चढलेलं पाणी ओसरत होतं. भगतीण बांधावरून चालली होती, पवळी गवताच्या आडून. एका डबक्यापाशी म्हातारी वाकली, चिखलात हात घातला आणि एक जिवंत मासळी उचलून ओटीत टाकली. मग दुसरी, मग आणखी. ओटी भरली तशी ओला पाला वर झाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि झपाझप चालू लागली.

पुढं बांबूच्या बेटापाशी वाट फुटत होती. एक फाटा करंजाखालच्या झोपडीकडे, दुसरा डोहाकडे. भगतीण कुठं वळते ते बघायला थोडी पावलं पुरली असती. पण पवळीला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. ती तिथूनच मागं फिरली आणि धावत गावात आली.

“माझ्या डोळ्यांनी बघितलं,” एवढंच ती म्हणाली. तेवढं पुरलं.

जाळी खाली उतरली. पुरुष काठावर पोचले तोवर भगतीणही आली होती. तिचा पदर ओलाकच्च होता आणि रिकामा. ती आडवी आली नाही, शापही दिला नाही. हात जोडून म्हणाली, “अवघडलेली आहे ती. राहू द्या.”

पवळी पुढं झाली. “मग तुझ्या ओटीत काय होतं?”

“पाहुण्या होत्या, बाय. वाट चुकल्या होत्या. घरी पोचवल्या.”

“कुणाच्या घरी ते मांजरांना विचारा,” वेणू म्हणाली, आणि सगळे हसले. म्हातारी बाजूला झाली.

जाळी ओढवेनात इतकी जड आली. गावात कालवणाचा घमघमाट सुटला. पवळीनं मोठी मोठी मासळी निवडून घरी आणली, विळी घेतली आणि लेकीला जवळ पाटावर बसवलं. पहिलीचं पोट चिरलं तर अंड्यांची हातभर गाभोळी बाहेर आली, पिवळीधमक, दाणा न् दाणा भरलेला. दुसरी चिरली, तीही तशीच. पाटीतली एकही रिकामी नव्हती.

तुळसाचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर गेला.

“आये,” ती हळू म्हणाली, “हीसुद्धा माहेरीच आली होती गं.”

पाटावरून ती उठली. कालवण झालं, पण तिनं त्याला बोटही लावलं नाही.

मग पवळी उठून करंजाकडे गेली. झोपडीत मडक्यात उकडलेले कंद होते, दुसरं काही नाही. म्हातारी खाचराकडे निघालीच होती. पवळी मुकाट्यानं तिच्या मागं चालू लागली, आणि या खेपेला बांबूच्या बेटापुढं गेली. ओटी भरून भगतीण डोहाकडे वळली. गुडघाभर पाण्यात उतरून तिनं ओटी सोडली. मासळ्या शेपट्या हलवत खोल गेल्या.

मग ती बोलली. मासळी अंडी घालायला ओढ्यानं खाचरात चढते, पाणी ओसरलं की अडकून पडते. तिला उचलताना पोट हाताला लागतं. भरलेलं लागलं की समजायचं, अजून वेळ आहे. हाताला पोटं रिकामी लागू लागली की नदी स्वप्नात येते.

“स्वप्न काय आभाळातून पडतं होय गं? जागेपणी ज्याला हात लावावा तेच झोपेत बोलतं.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“विचारायला सगळी दारापर्यंत येतात. पुढं चालत कुणी येत नाही.”

त्या वर्षी भगतिणीला स्वप्न पडलं नाही. कान लावून निजायची, पण दगड नुसता दगडच राहिला. पुढच्या वर्षी जाळ्यांत पालापाचोळा आला. काही घरं बिऱ्हाड उचलून गेली. तुळसाला मुलगी झाली, नाजूक पण हसरी, आणि पवळीनं देवापुढं व्रत धरलं: डोह भरेपर्यंत तोंडात मासळी घालायची नाही आणि अडकलेली एकही मासळी खाचरात मरू द्यायची नाही. पहिल्यांदा ती एकटीच होती. मग वेणू आली, बोलणी खाईन म्हणत, पदर खोचून. हळूहळू घाटावरच्या साऱ्या बाया बांधावर दिसू लागल्या.

असे किती पावसाळे वाहून गेले. एका दुपारी दमलेल्या पवळीला त्या दगडावरच डोळा लागला. ओल्या केसांची एक बाई आली, कुशीत असंख्य लेकरं, आणि दारात कासव. पवळी उठून धावत करंजाखाली गेली. थकलेल्या भगतिणीनं ऐकलं, डोळे पुसले आणि घुंगुरकाठी तिच्या हातात दिली.

गावानं ओटी भरली. जाळी भरून आली. पहिली वाटी तुळसाच्या लेकीच्या पानात पडली.

पुढं एकदा गावात नवी आलेली सून पवळीच्या पदराकडे टक लावून बघत होती. पदराला एक ओलं खवलं चिकटलं होतं. पवळीनं ती नजर ओळखली. रागावली नाही.

“नुसती बघू नकोस, पोरी,” ती म्हणाली. “चल माझ्यासंगं. बांबूच्या पुढंपर्यंत चल.”

त्या नदीची कूस जशी पुन्हा भरली, तशी ज्याची त्याची ओटी भरो.

बोध: शंका आली तर शेवटपर्यंत चालत जावं, अर्ध्या वाटेवरून परतलेली शंका घात करते, आणि पोचलेली शंका श्रद्धा होते.