जादा बॅटऱ्यांची वायर

डोंगरमाथ्यावरच्या आंबेघोळ गावात केरबा नावाचा एक गाडीवाला राहत होता. त्याची जीप जुनी होती, पण दगडधोंडे, ओढे, चढ यांना ती कधी हटली नव्हती. जीपच्या मागच्या भागात त्याने झोपायला फळी, एक पंखा आणि एक लहान फ्रीज बसवला होता. पाहुण्यांना घेऊन तो दोन-तीन दिवस सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या पठारावर, मुक्कामाला जायचा.

पंखा आणि फ्रीज दोन जादा बॅटऱ्यांवर चालत. टपावरचं उन्हावर चालणारं पॅनेलही त्यांना थोडी वीज द्यायचं. बाबालाल मिस्त्रीने त्या बसवताना मध्ये एक स्विच घातला होता. इंजिन चालू असलं की जादा बॅटऱ्या भरायच्या. इंजिन बंद झालं की स्विच त्यांना इंजिनच्या बॅटरीपासून तोडायचा. मिस्त्रीने बजावलं होतं, "पंखा बंद पडला तर पडू दे. इंजिनची बॅटरी मात्र वेगळीच ठेवायची. तीच तुला घरी आणणार आहे."

एका फाल्गुनात केरबाने देशकर काका-काकूंना सड्यावर नेलं. काकूंचे गुडघे गेलेले होते आणि त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावं लागे. निघताना केरबाने छातीठोकपणे सांगितलं होतं, की तीन दिवस इंजिन चालू न करताही फ्रीज थंड राहील. काका हसून म्हणाले होते, "बघू हं. नाहीतर तुझ्या नावाने वारा घालत बसावं लागेल."

दुसऱ्या संध्याकाळी पंख्याचा वेग मंदावला. जादा बॅटऱ्या उतरत आल्या होत्या. तासभर इंजिन चालवलं असतं तर त्या पुन्हा भरल्या असत्या. पण मग आपला शब्द खोटा पडला हे कबूल करावं लागलं असतं. काका-काकू सूर्यास्त बघायला कड्याकडे तोंड करून बसले होते. केरबाने जीपच्या मागच्या भागातल्या, बॅटऱ्या आणि स्विच ठेवलेल्या पेटीचं झाकण उघडलं, एक जाड वायर घेतली आणि स्विच टाळून तिन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडून टाकल्या. पंखा पुन्हा भरभर फिरू लागला. उद्या सकाळी वायर काढू, असं त्याने ठरवलं. सकाळ झाली, चहा झाला, काकांनी कुठल्याशा पक्ष्याची गोष्ट काढली आणि वायर तशीच राहिली.

दुपारी वाऱ्याबरोबर जळक्या गवताचा वास आला.

केरबा टपावर चढला. खालच्या अंगाने, अर्ध्या कोसावर, धुराची लांबच लांब भिंत उभी होती. वणवा लागला होता आणि वारा सरळ त्यांच्याकडे होता. सड्यावरचं गवत कमरेइतकं वाढून वाळलं होतं. एक ससा जीपखालून धावत गेला. त्याने माणसांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बसा गाडीत," केरबा म्हणाला. काकांनी काकूंना मागच्या पेटीवर बसवलं. केरबाने किल्ली फिरवली. नुसता टक असा आवाज आला.

काय झालं ते त्याला त्याच क्षणी कळलं: जोडलेल्या वायरीतून पंखा-फ्रीजने इंजिनची बॅटरीही उतरवली होती.

"काय रे?" काकांनी विचारलं.

"गाडी थंड आहे, काका. घेईल दोन मिनिटांत."

"या उन्हात थंड?"

केरबाने दार उघडलं. तो उतरला, बॉनेट उघडून उगाच नळ्या चाचपत राहिला. जीप सुकलेल्या तळ्याच्या खळग्यात उभी होती. चहूबाजूंनी चढ, त्यामुळे ढकलून सुरू करणं शक्य नव्हतं. सड्यावर फोनला रेंज नव्हती. काकूंना वीस पावलं चालवत नव्हती, आणि पाठीवर घेऊन त्या वाऱ्यापुढे पळणार तरी किती?

एकच मार्ग होता. टपावरचं पॅनेल अजून उन्हात होतं. त्याची वीज जादा बॅटऱ्यांकडे जायची. जोडलेली वायर काढून ती सगळी वीज इंजिनच्या बॅटरीला दिली, फ्रीज-पंखा बंद केला, तर कदाचित अर्ध्या तासात एकदा इंजिन फिरवण्याइतका जोर आला असता. पण वायर पेटीत होती आणि पेटीवर काकू बसल्या होत्या. त्यांना उठवायचं म्हणजे सगळं सांगायचं.

केरबा बॉनेटमागे उभा राहिला. आता सांगू, असं तो दर श्वासाला मनाशी म्हणत होता. मिस्त्रीचंच काम कच्चं निघालं, असं तो मोठ्याने बोलला. काकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि मिस्त्रीला दोन शिव्या हासडल्या. पंखा फिरतच होता. तो आणि फ्रीज वेगळ्या बॅटऱ्यांवर चालतात हे केरबाने त्यांना पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. त्यामुळे ते बंद करावेत असं काका-काकूंना सुचलं नाही.

गवत पेटण्याचा तडतड आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता. राख उडून काचेवर बसू लागली. केरबाने वर पाहिलं. धुराचं टोक सूर्याकडे सरकत होतं. एकदा सूर्य झाकला की पॅनेलही मेलं.

काकू आतून शांतपणे म्हणाल्या, "केरबा, तू काहीतरी करतोयस ना? मग मी घाबरत नाही."

हे ऐकून त्याने नळ्या सोडल्या. तो मागे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "काकू, उठा. चूक मिस्त्रीची नाही. काल संध्याकाळी मीच तिन्ही बॅटऱ्या जोडल्या. माझी फुशारकी राखायला. आता ती वायर काढायची आहे."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. रागवायला वेळ नव्हता. त्यांनी काकूंना उचलून पुढे बसवलं, सामान बाहेर फेकलं, पंख्याची आणि फ्रीजची वायर उपटली. काकूंनी इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. केरबाने जोडवायर काढली आणि पॅनेलची वायर इंजिनच्या बॅटरीला लावली. मग तिघेही गाडीत बसले. तांबडा पडत जाणारा सूर्य आणि खळग्याच्या काठावर येणारा धूर, दोन्ही दिसत होते.

गवताची पहिली ज्वाळा काठावर दिसली तेव्हा केरबाने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, थांबलं. त्याने डोळे मिटून पुन्हा फिरवली. इंजिन धडधडून सुरू झालं. फेकलेलं सामान, भांडी, सगळं मागे टाकून जीप दुसऱ्या बाजूचा चढ चढली.

गावाच्या पाणवठ्यावर पोचल्यावर काका बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. मग म्हणाले, "बॅटरी कोणाचीही उतरते रे. पण तू बॉनेटमागे गप्प उभा होतास आणि आम्ही तुझ्या भरवशावर बसून होतो. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो."

केरबा त्याच पावली बाबालाल मिस्त्रीच्या दारात गेला, आणि त्याच्यावर घेतलेला खोटा आळ आधी सांगून टाकला.

तात्पर्य: चूक कळताच बोलून टाकावी, ती लपवण्यात आपण जो वेळ घालवतो, तो आपल्यावर विसंबलेल्या माणसांच्या आयुष्यातून जात असतो.