राजाचा काटा आणि लेकीचं माहेर

कोण्या एका राज्यात एक राजा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मोजण्याचं भारी वेड. त्याने वेशीजवळ एक मोठा काटा उभारला होता. राज्यात जे पिकेल, जे बनेल, ते रोज तिथे तोलायचं. मालाच्या वजनाने काटा कालच्यापेक्षा खाली गेला की राजा खूश!

ज्याचं काम काट्यावर चढत नाही, त्याला कोठारातून धान्य नाही, असा नियमच होता. मग काय, पंतोजी वीटभट्टीवर गेले, वैद्य तेलाच्या घाण्यावर गेला आणि सुईण पोती वाहू लागली. संध्याकाळी लोक घरी येत आणि भिंतीला टेकून बसत. शेजारी कोण आजारी आहे, हे विचारायचंही कुणात त्राण नसे.

राजाची एकुलती एक लेक शेजारच्या लहानशा राज्यात दिली होती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून राणी हयात नसली तरी राजा स्वतः लेकीला न्यायला गेला.

तिची सासू म्हणाली, "महाराज, यंदा राहू द्या ना इथेच. आमची सुईण हाताची चांगली आहे. आळीतल्या बायकाही आहेत सोबतीला."

"बाबा, मलाही इथेच बरं वाटतं," लेक म्हणाली.

राजा हसला. "अगं, या राज्याचा माल तोलला तर माझा काटा हलायचासुद्धा नाही. इथे कसलं बाळंतपण!" आणि तो तिला घेऊन आला.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. प्रधान धावत जाऊन सुईणीला घेऊन आला. ती दारातच थांबली.

"महाराज, कितीतरी वर्षांत हे काम केलं नाही. पोती उचलून बोटं बधिर झालीत. पोटाला हात लावला तरी आता काही कळत नाही."

"तुझ्या हाताखाली कुणी शिकलं असेल ना?"

"शिकवायचं कधी, महाराज?"

"मग आपल्या राज्यातल्या बायका बाळंत होतात कशा?"

"होतात कशाबशा," सुईण म्हणाली. "काही जणी नाही होत."

हे राजाला ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

सुईणीने जिवाचं रान केलं. लेक वाचली. बाळ रडलंच नाही. तेवढ्यात वेशीवरून निरोप आला, आज काटा कधी नव्हे इतका खाली गेला.

लेक हिंडूफिरू लागली तशी सासरी निघाली. राजा गाडीपाशी येऊन म्हणाला, "पुढच्या खेपेला सगळी तयारी ठेवीन, बाळा."

रागवायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. "पुढच्या खेपेला मी इथे येणार नाही, बाबा," ती म्हणाली आणि तिने गाडीवानाला निघायला सांगितलं.

तात्पर्य काय, तर राज्य किती पिकवतं आणि किती कमावतं हे जरूर मोजावं. पण तिथे अडलेल्या माणसाच्या मदतीला कोण येतं, हे पाहिल्याशिवाय राज्य पुढे गेलं असं म्हणू नये.