ठमी रिक्षाचं रुंद पाऊल

"चल खोक्यात!"
"नाही येत!"
"चल म्हणतो ना!"
"नाही म्हणते ना!"

लांब टेबलावर भांडण जुंपलं होतं. एकीकडे हूकराव. उंचच उंच क्रेन. हाताला साखळी, साखळीला लोखंडी हूक. दुसरीकडे ठमी. एवढीश्शी रिक्षा. चाकं तीन, वाटाण्याएवढी.

ठमी नुसती रिक्षा नव्हती बरं का! खट्! हात बाहेर. खटक्! पाय बाहेर. रिक्षाचा झाला रोबोट!

पण सकाळी काय झालं? ठमी डब्यावर उभी राहिली आणि पडली. टप्प! डावं पाऊल तुटलं. टेबलाच्या फटीत गेलं. गेलं ते गेलंच. कारखान्याने दिलेलं पाऊल ते, तांदळाच्या दाण्याएवढं. टिकणार किती? आता ठमी उभी राही, की धप्पकन पडे.

"टेबलाचा कायदा ठाऊक आहे ना?" हूकराव गरजला. "पाच वाजता सगळ्यांनी उभं राहायचं. जो पडला तो खोक्यात. खोक्यात गेला, की स्क्रू काढले. हात याला, डोकं त्याला!"

ठमीचे दिवे लुकलुकले. पण बोलायची काही थांबली नाही.
"मी नवं पाऊल आणते. रुंद आणते!"
"आण, आण! पाच वाजता बघतो."

रविवार होता. खेळण्यांच्या दुकानाचं शटर खाली. आत अंधार. ठमी निघाली. टुर्र टुर्र टुर्र.

टेबलाच्या टोकाला होतं यंत्र. काय हवं ते घडवणारं.
"यंत्रदादा, यंत्रदादा, रुंद पाऊल दे! पावलावाचून उभं राहवेना. हूकराव खोक्यात टाकील हो!"
यंत्र म्हणालं, "मी नाही देत. चित्र नाही, काही नाही. वाकडं झालं तर? मला भीती वाटते. पेन्सिल चित्र काढील, मग मी पाऊल देईन."

मागे हूकरावाची साखळी वाजली. खळ्ळ... खळ्ळ...
ठमी पळाली. टुर्र टुर्र टुर्र.

"पेन्सिलताई, पेन्सिलताई, चित्र काढ! यंत्र पाऊल देईना. पावलावाचून उभं राहवेना. हूकराव खोक्यात टाकील हो!"
पेन्सिल म्हणाली, "मी नाही काढत. माप नाही, काही नाही. चुकलं तर? मला भीती वाटते. चिमटा माप घेईल, मग मी चित्र काढीन."

खळ्ळ... खळ्ळ... साखळी जवळ आली.
टुर्र टुर्र टुर्र.

मापाचा चिमटा पेटीत झोपला होता.
"चिमटेकाका, चिमटेकाका, माप घ्या! पेन्सिल चित्र काढीना. यंत्र पाऊल देईना. पावलावाचून उभं राहवेना. हूकराव खोक्यात टाकील हो!"
चिमटा म्हणाला, "मी नाही घेत. अंधार केवढा! अंधारात कोणी मलाच चावलं तर? मला भीती वाटते. दिवा उजेड पाडील, मग मी माप घेईन."

खळ्ळ... खळ्ळ... साखळी आणखी जवळ आली.
टुर्र टुर्र टुर्र.

"दिवेभाऊ, दिवेभाऊ, उजेड पाडा! चिमटा माप घेईना. पेन्सिल चित्र काढीना. यंत्र पाऊल देईना. पावलावाचून उभं राहवेना. हूकराव खोक्यात टाकील हो!"
दिवा कुजबुजला, "हळू बोल! माझ्या बटणावर कोळी बसलाय. आठ पायांचा! मी डोळे घट्ट मिटलेत. मला भीती वाटते. कोळी उठेल, मग मी उजेड पाडीन."

आठ पायांचा कोळी! ठमीनं करकचून ब्रेक दाबला. पण मागून... खळ्ळ... खळ्ळ... शटरच्या फटीतल्या उजेडात हुकाची सावली टेबलावर पडली. लांब. वाकडी.
ठमी गेली. हळूच गेली. टुर्र... टुर्र...

"कोळीबुवा, कोळीबुवा, उठा ना! दिवा उजेड पाडीना. चिमटा माप घेईना. पेन्सिल चित्र काढीना. यंत्र पाऊल देईना. पावलावाचून उभं राहवेना. हूकराव खोक्यात टाकील हो!"

कोळी थरथरला. आठही पाय थरथरले.
"मी नाही उठत. मला भीती वाटते."
"तुम्हाला? कोणाची हो?"
"त्या तीन चाकांच्या राक्षसाची! टुर्र टुर्र करत येतो. चिरडील मला!"
"कुठे आहे राक्षस?"
"हा काय समोर. तूच की!"

ठमीला आजवर कोणी घाबरलं नव्हतं. ठमीनं टुर्र बंद केलं. दिवे मंद केले. एक बोट मागे सरली. दोन बोटं मागे सरली.
"आता या हं, बुवा. मी हलतसुद्धा नाही."

मग काय झालं?
कोळी उठला. टुणुक!
बटण दबलं. खट्!
दिव्याने डोळे उघडले, उजेड पाडला.
ठमीनं हात-पाय अर्धे बाहेर काढले. चिमट्याने पायाचं भोक पाहिलं, माप घेतलं.
पेन्सिलीने चित्र काढलं. सर्र सर्र! रुंद पाऊल, वर खुंटी. "भोक जेवढं, खुंटी तेवढी. तंतोतंत!" पेन्सिल ऐटीत म्हणाली.
यंत्र गुणगुणलं. झूंऽऽ झूंऽऽ. थरावर थर, थरावर थर. पाऊल दिलं.

ठमीनं पाऊल पायाला लावलं. ढकललं. जाईना! जोरात ढकललं. जाईचना!

टण्! घड्याळाने पहिला टोला दिला.

"माप चुकलं!" पेन्सिल रडली.
"चित्र चुकलं!" चिमटा ओरडला.
"तरी मी म्हणत होतो!" यंत्र म्हणालं.

टण्! दुसरा टोला. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ! हूकराव आलाच.

ठमीनं खुंटीकडे पाहिलं. भोकाकडे पाहिलं.
"अगं बाई! भोक जेवढं, खुंटी तेवढी. मग शिरेल कशी? केसभर जागा नको?"

बाजूला पॉलिश पेपर पडला होता. मांजराच्या जिभेसारखा खरखरीत. ठमीनं खुंटी घासली. खर्र खर्र खर्र.
टण्! तिसरा.
खर्र खर्र खर्र. हूक खाली आला. आणखी खाली आला.
टण्! चौथा. खुंटी केसभर झिजली.
टच्! पाऊल बसलं!
खट्! हात बाहेर. खटक्! पाय बाहेर.
टण्! पाचवा.

ठमी उभी!

हुकाचं टोक तिच्या नाकासमोर लोंबत होतं.
"हे पाऊल खोटं!" हूकराव गरजला. "कारखान्याचं नाही हे. रंग वेगळा, आकार वेगळा. हे चालायचं नाही. चल खोक्यात!"

ठमीनं नवं पाऊल टेबलावर घट्ट रोवलं. ठमी पडली नाही. मान वर केली, आणि म्हणाली,

"भीत भीत का होईना, पण दारोदार फिरून हे मी करून आणलंय, म्हणून हेच माझं खरं पाऊल, घ्या तो हूक वर!"