येसू विसरली ती दहा पुस्तकं

जंगलाच्या कडेला, बहाव्याच्या पिवळ्याधमक झुंबरांखाली, एक चिमुकली झोपडी होती. लांबून ती इतकी गोड दिसायची की वाटावं, आत एखादी राजकन्याच राहत असणार. पण आत राहायची दहा वर्षांची येसू आणि तिची आई. दोघी दिवसभर पळसाची पानं काड्यांनी टाचून पत्रावळ्या करायच्या. टोचून टोचून येसूची इवली बोटं लालेलाल व्हायची. गावातल्या लग्नांत तिच्या पत्रावळीवर लोक जिलब्या खायचे आणि येसू घरी मीठ-भाकरी.

गावात एक वाचनालय होतं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं मोरपीस पुरस्कारासाठी निवडलेली दहा नवी कोरी पुस्तकं यायची. गुलाबी, जांभळी, मोरपंखी, पानांना गोडसर वास येणारी! त्यांतलं सगळ्यात छान कोणतं, हे पाचवी-सहावीच्या मुलांनी ठरवायचं. मोठ्यांना मत नाही म्हणजे नाही. प्रत्येक पुस्तकापुढे एक मडकं असायचं. आवडत्या पुस्तकाच्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा, झालं मत.

पण दहाच्या दहा वाचली असतील तरच हं! ग्रंथपाल कुमुदबाई प्रत्येक पुस्तकावर एक प्रश्न विचारायच्या. उत्तरं बरोबर आली की चिंचोका मिळायचा, शिवाय वर्षभराचं वाचनालयाचं कार्ड. कार्ड नसेल तर काचेच्या कपाटांतली बाकीची पुस्तकं नुसती बघायची. येसूच्या आईला कार्डाची फी कुठून परवडायची? म्हणून येसू रोज दुपारी वाचनालयात बसून वाचायची. पंचवीस दिवसांत तिनं दहाही पुस्तकं संपवली होती.

"पत्रावळीवर उत्तरं लिहून आण गं येसू!" शेवटच्या दिवशी सकाळी वल्लरी तिला म्हणाली. वल्लरी किराणा दुकानदारांची मुलगी. तिचा फ्रॉक चकचकीत होता आणि जीभ फ्रॉकपेक्षा चकचकीत.

"तुझी झाली का सगळी वाचून?" येसूनं विचारलं.

वल्लरीचे कान लाल झाले. "होतील की!" म्हणून ती पळाली.

प्रश्न पाच वाजता होते. चार वाजता येसू पानांचा भारा घेऊन जंगलातून निघाली. तेवढ्यात कानाशी किणकिण आवाज आला.

"अगं ए! जरा इकडे बघ ना."

धावड्याच्या झाडाच्या बुंध्यावर डिंकाचा सोनेरी गोळा होता, आणि त्या गोळ्यात कमरेपर्यंत अडकली होती एक परी! अंगठ्याएवढी, अभ्रकासारखे चमचमते पंख, साबणाच्या फुग्यासारखा सप्तरंगी झगा. चित्रातल्या पऱ्या बारीक असतात. ही नव्हती.

"हसू नकोस," परी म्हणाली. "मला डिंक आवडतो. जरा चाखायला गेले आणि बसले चिकटून. शोभतं का हे माझ्या वयाला?"

येसूला हसू आलंच. पण तिनं आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी सगळं त्या डिंकावर ओतलं आणि परीला अलगद सोडवलं.

"गुणाची गं बाई! आता माग हवं ते. पण नियम दोन. इच्छा दुसऱ्यासाठीच मागायची. आणि एका इच्छेला एक पुस्तक द्यायचं, तुझ्या डोक्यातलं. नाव घेतलंस की ते साफ पुसलं जाईल. बारकं पुस्तक, बारकी इच्छा. जाडं पुस्तक, मोठी इच्छा."

"नको!" येसूनं दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं. "आज मला दहाच्या दहा लागणार आहेत."

"राहू दे मग," परी म्हणाली, आणि एकदम नाक वर करून हुंगायला लागली. "कसला गं हा वास?"

धूर! उतारावरून राखाडी धूर वर येत होता. पाचोळा तडतडत होता. येसू धावत पुढे गेली आणि थबकली. मधोमध एक मोठं मोहाचं झाड, त्याच्याभोवती लाल-केशरी ज्वाळांचं कडं, आणि झाडाच्या फांदीवर, पाय हलवत बसलेली... वल्लरी! मांडीवर सगळ्यात जाडं पुस्तक. वाचनालयाबाहेर पुस्तक न्यायचं नसतं, तरी तिनं ते फ्रॉकखाली लपवून आणलं होतं. शेवटचं धडाधड वाचून संपवत होती.

"वल्लरी! आग लागलीय!"

"हं," वल्लरी म्हणाली.

"अगं, खाली बघ!"

"थांब ना, दोनच पानं!"

ती दोन पानं संपवूनच तिनं खाली पाहिलं आणि अशी किंचाळली की झाडावरचे पोपट उडाले. खाली उतरायला जागाच उरली नव्हती.

गाव लांब होतं. आग जवळ होती. एक पुस्तक दिलं तरी दहा राहणार नाहीत. दहा नाहीत, तर कार्ड नाही.

"येसू!" वल्लरी हुंदके देत होती. "येसू, जाऊ नको ना!"

येसूनं डोळे मिटले. "बेडकाचं पोस्ट ऑफिस!" ती ओरडली.

ते होतं चोवीस पानांचं कवितांचं पुस्तक. हिरव्या कविता तिच्या डोक्यातून टुणटुण उड्या मारत निघून गेल्या. आकाशातून बेडकाएवढे टपोरे थेंब पडले, अगदी मोजून चार. फुस्स!

"एवढंच?" येसू रडकुंडीला आली.

"मी छोटी परी आहे गं!" परीही घामाघूम झाली होती. "जरा जाडं दे!"

"ढगांचा शिंपी!" वारा उलटा फिरला, आग क्षणभर वाकली आणि पुन्हा उभी राहिली. "सव्वासातचं भूत!" धुक्याचा गार पदर आला आणि वाफ होऊन गेला. येसू एकामागून एक नावं घेत गेली. गेली निळी आगगाडी, गेली हरवलेली मावशी, गेली मुंग्यांची शाळा. डोकं रिकामं रिकामं होत चाललं. कडं अर्धं विझलं, पण उरलेली ज्वाळा बुंध्यावर चढायला लागली.

नऊ गेली. आता एकच उरलं. लाकडी देवमासा, सगळ्यांत जाडं, सगळ्यांत लाडकं. ते संपलं त्या दिवशी येसू घरी जाताना वाटभर रडली होती. तिचा चिंचोका त्याच मडक्यात पडणार होता.

ज्वाळा वल्लरीच्या चपलेपाशी पोचली.

"लाकडी... देवमासा!"

गडगडाट झाला. जिथं समुद्र कुणी पाहिलाही नव्हता त्या जंगलात एक निळीशार, फेसाळ, खारट लाट उसळली आणि झाडावरून धो धो कोसळली. आग विझली. वल्लरी वरपासून खालपर्यंत भिजली, पण छातीशी धरलेलं पुस्तक कोरडंठाक होतं. परीनं तेवढी काळजी घेतली होती.

येसू मात्र त्या लाटेकडे बघत राहिली. ही लाट कोणत्या गोष्टीतून आली, तिला काहीच आठवेना.

वल्लरी खाली उतरली आणि परीनं तिला सगळं सांगितलं. मग दोघी वाचनालयाकडे धावत सुटल्या आणि परी उडत त्यांच्या मागोमाग.

पाच वाजता कुमुदबाईंनी चष्मा पुसला. "ये, येसू. तुझ्यापासून सुरुवात. देवमासा लाकडाचाच का बनवला होता?"

येसूनं आठवून आठवून पाहिलं. डोळे भरून आले. "मला नाही माहीत, बाई."

"अगं, तूच वाचताना रडत होतीस की! बरं, बेडकाचं पत्र कुणाला आलं होतं?"

"ते पण नाही माहीत."

मुलं कुजबुजायला लागली. कुमुदबाईंचा चेहरा उतरला. "मग मला चिंचोका नाही देता येणार गं. कार्डही नाही."

येसू मान खाली घालून दाराकडे वळली. तेवढ्यात भिजलेल्या फ्रॉकातून पाणी ठिबकवत वल्लरी पुढे आली.

"बाई, पुस्तक मी चोरून नेलं होतं. मला आगीतून वाचवायला येसूनं वाचलेली दहाही पुस्तकं परीला देऊन टाकली, म्हणून तिला काही आठवत नाही." तिनं मांडीएवढं जाड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे बघून विचारलं, "परीमावशी, तो नियम मला पण चालतो का?"

"मावशी!" खिडकीतून आवाज आला. "ताई म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? चालतो. पण मग तुलाही चिंचोका नाही मिळायचा हं."

दहा प्रश्नांची दहा उत्तरं वल्लरीच्या ओठांवर होती. "येसूला कार्ड मिळू दे," वल्लरी म्हणाली. "कायमचं. लाकडी देवमासा!"

लख्ख! टेबलावर एक मोरपंखी कार्ड झळकलं. येसूचं नाव, आणि मुदतीच्या जागी नुसत्या चांदण्या. कुमुदबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "सही तर माझीच आहे," त्या पुटपुटल्या. "मी कधी केली?"

येसूनं कार्ड छातीशी धरलं. "पण बाई, मी वाचलेलं सगळं गेलं."

"गेलं?" कुमुदबाईंनी चष्मा काढला. "वेडे, दहाही पुस्तकं तुला पुन्हा पहिल्यांदा वाचायला मिळणार! देवमाशाच्या शेवटी काय होतं ते मला माहीत आहे, आता त्याचं मी काय करू?"

वल्लरीनं जाडं पुस्तक ओढलं. "हे कसलंय गं? छान असेल?"

"बघू या की," येसू म्हणाली.

दोघी खिडकीखाली एकमेकींना खेटून बसल्या. परी खिडकीच्या चौकटीत उभी राहिली, पंख पसरले, गिरकी घेतली. सोनेरी, गुलाबी, चंदेरी उजेडाचं कारंजं उडालं. सगळी मुलं "आहाहा!" म्हणाली आणि परी त्या उजेडात विरघळून गेली.

जाता जाता मात्र ती कुरकुरली, "एवढी सुंदर अदृश्य झाले मी, आणि या दोघींनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही!"