गेनू पाण्याचा प्रोग्राम उघडतो

आंबेथडी नावाच्या गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस होता. गावाला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. टेकडीवर टाकी, टाकीखाली व्हॉल्व, व्हॉल्वला लोखंडी चाक. गेनू सकाळी चाक फिरवी, पाणी येई. पुन्हा फिरवी, पाणी थांबे.

मग परदेशात शिकलेली केतकीताई गावात परत आली. वरच्या आळीला तासभर पाणी आणि खालच्या आळीला दहा मिनिटं, हा अन्याय तिला सोसवेना. तिने ग्रामपंचायतीत एक कॉम्प्युटर बसवला. त्यात लिनक्स घातलं. हे कुणा कंपनीचं नाही, सगळ्यांचं आहे, असं तिने ग्रामसभेत सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मग तिने पाण्याचा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की प्रत्येक आळीला मोजून सारखं पाणी. कुणी मध्ये हात घालू नये म्हणून व्हॉल्वचं चाक काढून घेतलं. आणि गेनूला सगळं शिकवून ती आठवडाभरासाठी जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला गेली.

दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम उघडेना.

गेनूने चित्रावर दोनदा टिचकी मारली. एक गोल फिरलं आणि विझलं. त्याने चाळीस वेळा टिचकी मारली. चाळीस वेळा गोल फिरलं आणि विझलं.

एप्रिल संपत आला होता. कालव्याचं पाणी महिन्यातून एकदा यायचं, ते नुकतंच येऊन गेलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली आणि नळ कोरडे. बायका रिकामे हंडे घेऊन टाकीकडे बघत उभ्या राहिल्या.

गेनूने ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "टिचक्या मारत बसू नकोस. एखादी गोष्ट अडली की सरळ बंद करायची, शंभर आकडे मोजायचे आणि परत चालू करायची."

गेनूला ते फार पटलं. त्याने कॉम्प्युटर बंद केला, शंभर मोजले, चालू केला. गोल फिरलं आणि विझलं. पण धडा चांगला होता. गेनूने तो पाठ केला.

दुसऱ्या दिवशी एक मे होता. झेंडावंदनानंतर सरपंच बापूसाहेब भाषणाला उभे राहिले. पाणीप्रश्नावर आले आणि अडले. पुढचं आठवेना. गेनू उठला, माइक बंद केला आणि सरपंचांचे खांदे धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग मोठ्याने शंभरपर्यंत मोजलं. शाळेची मुलंही बरोबर मोजू लागली. शंभर झाल्यावर त्याने सरपंचांना पुन्हा उभं केलं. पण ते काही चालू झाले नाहीत.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "गेनू, असं एकदम बंद नाही करायचं. काय अडलंय ते आधी विचारायचं. काळी खिडकी उघड, त्यात प्रोग्रामचं नाव लिही, एंटर दाब. काय होतंय ते तो स्वतःच सांगतो. सांगेल ते मला शब्दन् शब्द वाचून दाखव."

"हे आधी सांगायला हवं होतं, ताई," गेनू म्हणाला. "आता चुकायचं नाही."

सकाळी तो पंचायतीकडे निघाला, तर वाटेत चंद्राआक्काची म्हैस बसलेली. दोन दिवस तिला पोटभर पाणी नव्हतं. आक्का दावं ओढत होती, म्हैस उठत नव्हती.

"आक्का, ओढू नका. तिला विचारा," गेनू म्हणाला. तो म्हशीपुढे बसला. "चिमणी," असं तिचं नाव स्पष्ट घेतलं आणि कपाळावर बोटाने एकदा दाबलं. म्हशीने उत्तर दिलं. गेनूने ते कागदावर उतरवलं आणि ताईला फोन लावला.

"पहिल्या ओळीत 'हम्म' म्हणते. दुसऱ्या ओळीतही 'हम्म'च आहे."

"एवढंच?" ताई गोंधळली. "शेवटी काय आलं?"

"शेवटी शेण."

ताईने समजावलं की फक्त कॉम्प्युटरला विचारायचं. गेनूने विचारलं. कॉम्प्युटरने एक ओळ इंग्रजीत लिहिली. ती गेनूने एकेक अक्षर वाचली.

"अरे, त्याला चालायची परवानगीच नाहीये," ताई आनंदाने म्हणाली. "बिचारा म्हणून अडलाय. मी सांगते ते लिही. अडलेल्याला आधी परवानगी द्यायची, मग तो आपोआप चालायला लागतो."

गेनूने लिहिलं. प्रोग्राम क्षणभर उघडला आणि मिटला. पण धडा चांगला होता.

घरी जाताना कोंडवाडा लागला. आत अकरा गुरं गजांना तोंड लावून अडून उभी होती. गेनूला त्यांची दया आली. त्याने फाटक उघडलं आणि "परवानगी आहे," असं प्रत्येकाला वेगळं सांगितलं. गुरं आपोआप चालायला लागली. ती थेट बापूसाहेबांच्या टरबुजाच्या वाडीत थांबली. गावात त्या दिवशी तहान भागली ती फक्त त्यांचीच.

बापूसाहेबांनी सांगून टाकलं, परवा सकाळपर्यंत पाणी सुटलं नाही तर गेनूचं काम गेलं.

ताईने रात्र जागून विचार केला आणि सकाळी फोन केला. "प्रोग्रामचा एक फोल्डर असतो. त्यात जुनं काहीबाही साठून खराब झालं असणार. तो सगळा रिकामा कर. भिऊ नकोस. एकदा सुरू झालं की लागेल तेवढं स्वतःच परत भरून घेतं."

गेनूने फोल्डर रिकामा केला आणि टिचकी मारली. गोल फिरलं, फिरलं, आणि प्रोग्राम उघडला. पडद्यावर सगळं गाव, सगळ्या आळ्या, आणि वर निळी टाकी, काठोकाठ.

ताईला फोनवर हुंदका आवरेना. "आत्ता बटण दाबू नकोस. उद्या सात वाजता मी प्रशिक्षण सोडून येते. एवढे दिवस थांबलो, एक रात्र अजून. पहिलं समान पाणी सगळ्यांसमोर सोडू."

दिवेलागणीला गेनू टाकीपाशी गेला. उद्या काही अडायला नको. त्याने आत डोकावून पाहिलं. पाणी चार दिवसांचं जुनं, साठलेलं. टाकीच्या तळाशी गाळ काढायचं एक बूच होतं. दर दिवाळीला टाकी धुताना तोच ते काढायचा. त्याने ते काढलं.

सकाळी सात वाजता सगळं गाव हंडे घेऊन नळांपाशी उभं होतं. ताईने बटण दाबलं. पडद्यावर "सर्व आळ्यांना समान पुरवठा सुरू" अशी अक्षरं आली. ती खरीच होती. सगळे नळ सारखेच खोकले आणि सारखेच गप्प झाले.

ताईने पडद्यावरच्या टाकीकडे पाहिलं. मग गेनूकडे.

"जुनं साठलं होतं, ताई. मी सगळं रिकामं केलंय," गेनू म्हणाला. "आता स्वतःच भरून घेईल."

चंद्राआक्काने हंडा खाली ठेवला.

"रिकामी केलीस कुठून?"

"तळाच्या बुचातून."

"त्यातून पाणी येतं?"

"भसाभसा येतं. रात्रभर ओढ्याला लोंढा होता."

"मग मेल्या, चार दिवस आम्ही भरल्या टाकीखाली तहानलेले बसलो, तेव्हा का नाही काढलंस ते बूच?"

गेनूने आक्काकडे नवलाने पाहिलं. एवढी शहाणी बाई, आणि एवढं कळू नये.

"तो धडा कालच झाला, आक्का."