मार्थाबाईंची दोरी

फार वर्षं झाली या गोष्टीला. वाघदऱ्यात तेव्हा एकच कौलारू खोली होती. रविवारी ती चर्च व्हायची आणि बाकीचे दिवस शाळा. तिथं शिकवायच्या मार्थाबाई ओहोळ. पहाटे गुडघे टेकून प्रार्थना केल्याशिवाय त्या खडूला हात लावत नसत, असं म्हणतात.

शाळेत मुलगे यायचे. मुली उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरायच्या, कारण प्रत्येकीच्या कडेवर धाकटं भावंड. ते रडलं की घरी पाठीत धपाटा ठरलेला. बाईंना ते बघवेना. त्यांचा स्वतःचा शमूही तान्हाच होता. त्यांनी काय केलं, आपलं लग्नातलं लुगडं फाडलं, आढ्याला झोळ्या टांगल्या, साऱ्या एका दोरीत ओवल्या आणि दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं. हात फळ्यावर, पाय पाळण्यावर. एका झोळीत शमूला निजवून त्या मुलींना म्हणाल्या, "पोरं इथं ठेवा आणि बसा गं."

पण गावात कुजबुज उठली, की ख्रिस्ती बाईच्या झोळीत घातलं तर पोर बाटतं. मुली पुन्हा उंबऱ्यावरच. एकटा शमू झुलायचा आणि त्याच्यासोबत रिकाम्या झोळ्या. बाई रोज प्रभूला म्हणायच्या, "बाबा, एक तरी मुलगी आत पाठव."

अखेर ठकू आली. तिचा भाऊ असा रडका, की त्याच्या रडण्यानं शेजारची म्हैस आटली होती, असं म्हणतात. ठकूनं त्याला झोळीत टाकलं आणि पाटी घेऊन बसली. तिची आजी अन्साबाई काठी टेकत धावत आली.

"बाई, माझा नातू बाटिवला का काय?"

"ना पाणी शिंपडलं, आजी, ना घास भरवला. न्यायचा तर न्या. पण ठकूचा पाढा होईस्तोवर टेका जरा."

अन्साबाई उंबऱ्यावर टेकली. नातवापायी कित्येक महिने तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. बे एके बे चाललं होतं, दोरी करकरत होती. पोर कधी गप्प झालं कळलं नाही आणि म्हातारी कधी घोरू लागली तेही कळलं नाही. शाळा सुटली, उन्हं कलली. तिला जाग आली तेव्हा बाई अजून दोरी ओढत होत्या, म्हातारीची झोप मोडू नये म्हणून.

अन्साबाई नातवाकडं बघत राहिली. म्हणाली, "मी बी निजले की हितं. मंग मी बी बाटले म्हणायची."

दुसऱ्या दिवशी ती आपलं जुनं लुगडं घेऊन आली आणि मागोमाग गावच्या मुली आल्या. मग इतक्या झोळ्या झाल्या, की आढं वाकलं. वाघदऱ्यातली पोरं 'आई' म्हणायच्या आधी 'बे' म्हणू लागली, असं म्हणतात.

बाई गेल्या तेव्हा त्यांची पेटी मातीत उतरवायला तीच दोरी दोन तुकडे करून घेतली. शमूनं एक टोक धरलं आणि बाकीची गावच्या शिकलेल्या लेकींनी. पेटी संथ झुलत खाली गेली आणि त्या घटकेला गावातलं एकही तान्हं रडलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी ठकूबाई उभी राहिली.

आजही वाघदऱ्यात मूल कुठल्याही घरचं असो, बारशाआधी त्याला शाळेतल्या झोळीत घालतात. दोरी घरातल्या मुलीनंच ओढायची आणि बेचा पाढा तिनंच म्हणायचा. रडतं बाळ एकाएकी शांत झालं, की म्हाताऱ्या हातातलं काम थांबवून म्हणतात, "बाईंनी दोरी ओढली. जा गं पोरी, शाळेला जा."